ठासणी, एकनळी आणि दुनळी : शीळफाटा परिसराच्या संदर्भात शेतराखणीच्या बंदुकीची निवड (१८७८ ते २०१९)

प्रस्तावना

शस्त्रांचा इतिहास मराठीत बहुधा लढायांच्या अनुषंगाने लिहिला गेला. तलवार, भाला, तोफ आणि जंबुरका यांना त्यात मानाचे स्थान मिळाले. शेताच्या बांधावर किंवा माळ्यावर रात्र काढणाऱ्या राखणदाराच्या हातातील छऱ्याच्या बंदुकीकडे मात्र इतिहासकारांचे फारसे लक्ष गेले नाही. वास्तविक गेल्या दीडशे वर्षांत ग्रामीण महाराष्ट्राचा सरकारशी शस्त्राच्या निमित्ताने जो दैनंदिन संबंध आला, तो मुख्यतः याच बंदुकीमुळे. कोणती बंदूक घ्यावी, तोंडाकडून ठासायची की मागून काडतूस भरायची, एका नळीची की दोन नळ्यांची, हा प्रश्न वरकरणी आवडीचा व ऐपतीचा वाटतो. प्रत्यक्षात त्याचे उत्तर शेतकऱ्याने देण्याआधीच कायद्याने देऊन ठेवलेले असे. ही निवड कोणी, कोणत्या कारणाने आणि कोणाच्या वतीने केली, याचा शोध प्रस्तुत लेखात घेतला आहे.

या शोधासाठी शीळफाट्याचा परिसर दोन कारणांनी उपयुक्त ठरतो. पारसिकच्या डोंगररांगेच्या पायथ्याशी, मुंब्र्याकडून पनवेलकडे जाणारा जुना रस्ता, कल्याणकडून येणारा रस्ता आणि महापेकडे उतरणारा रस्ता जेथे एकत्र येतात, तो हा फाटा. एका बाजूला डोंगर व झाडी आणि दुसऱ्या बाजूला खाडीपर्यंत पसरलेली भातखाचरे, अशी या भागाची जुनी रचना होती. जनावर रानातून उतरून थेट पिकात येऊ शकेल अशा जागी राखणीची गरज उघड असते. दुसरे कारण असे की, ही शेतजमीन अलीकडच्या काही दशकांत झपाट्याने शहरात विरघळली. बंदूक मागण्याचे कारणच नाहीसे झाल्यावर बंदुकीचे काय होते, हे पाहण्यास याहून चांगली जागा सापडणे कठीण.

१८७८ पूर्वीची व नंतरची स्थिती

कल्याण-भिवंडीचा मुलूख १६५७ मध्ये स्वराज्यात आला, पुढे १७३९ मध्ये वसईची मोहीम झाली. या काळात उत्तर कोकणात तोड्याची बंदूक सर्वत्र परिचित होती. बंदूक बाळगणे हा त्या काळी परवान्याचा विषय नव्हता. गावचा पाटील, वतनदार, डोंगरातील कोळी नाईक यांच्याकडे बंदुका असत. इंग्रजी अंमल बसल्यानंतरही पहिली काही दशके ही स्थिती एकदम पालटली नाही. राघोजी भांगरे यांच्या नेतृत्वाखालील महादेव कोळ्यांचा उठाव आणि २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात त्यांना झालेली फाशी, या घटनांनी डोंगरी मुलुखातील शस्त्रांविषयी सरकारच्या मनात धास्ती निर्माण केली होतीच. १८५७ नंतर निःशस्त्रीकरण हे सरकारचे घोषित धोरण झाले.

लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीतील १८७८ चा शस्त्र कायदा हा या धोरणाचा कळस होय. या कायद्याने परवान्याशिवाय शस्त्र बाळगणे गुन्हा ठरवले, आणि त्याखालील नियमांनी युरोपियनांना बऱ्याच अंशी त्यातून वगळले. म्हणजे एकाच रानात साहेब शिकारीला निघाला तर त्याला कागद लागत नसे, आणि त्याच रानाच्या कडेला भात राखणाऱ्या कुणब्याला किंवा आगऱ्याला मात्र लागत असे. राष्ट्रीय सभेने १८८७ च्या मद्रास अधिवेशनात या कायद्याविरुद्ध ठराव केला, तो या अपमानाच्या भावनेतून. वांशिक भेद नियमांतून दूर होण्यास १९२० च्या सुमारापर्यंत वाट पाहावी लागली.

कायदा होऊन वर्ष उलटण्यापूर्वीच वासुदेव बळवंत फडके यांचे बंड उभे राहिले. फडके मूळचे शिरढोणचे. हे गाव पनवेल तालुक्यात आणि तो तालुका त्या काळी ठाणे जिल्ह्यात होता. मे १८७९ मध्ये त्यांचे सहकारी दौलतराव नाईक यांनी घाट उतरून पळस्पे व चिखली येथे दरोडे घातले. शीळफाट्यावरून दक्षिणेकडे निघालेला रस्ता पनवेल ओलांडून याच पळस्प्याला पोहोचतो. बंडाची धामधूम ज्या पट्ट्यात झाली, त्या पट्ट्यातील शेतकऱ्याच्या बंदुकीच्या अर्जाकडे कलेक्टर कचेरीतील अधिकारी कोणत्या नजरेने पाहत असेल, हे समजण्यास फार कल्पनाशक्ती लागत नाही. १८८२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये रानटी जनावरांची नोंद आहे आणि उपद्रवी टोळ्यांचीही. बंदुकीचा प्रश्न या दोहोंच्या मधोमध अडकला होता. जनावर मारण्यास पुरेशी, पण बंडास अपुरी, अशी बंदूक सरकारला हवी होती.

बंदुकांचे प्रकार व त्यांचा शेतातील उपयोग

अशी बंदूक तंत्रज्ञानाच्या प्रगतीनेच आयती उपलब्ध करून दिली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास युरोपात बंदुकीच्या रचनेत मोठी क्रांती झाली. फ्रान्समध्ये लफोशो याने मधोमध मोडणारी, मागून काडतूस भरावयाची बंदूक तयार केली आणि १८५१ च्या लंडन येथील प्रदर्शनात ती इंग्लिश कारागिरांच्या नजरेस पडली. १८७५ मध्ये बर्मिंगहॅमच्या अँसन व डीली यांनी घोडे आत दडवलेली सुटसुटीत रचना आणली. तिचेच वंशज आजही वापरात आहेत. त्याच दशकात ग्रीनरने नळीचे तोंड किंचित आवळून छऱ्यांचा फैलाव नियंत्रित करण्याची पद्धत रूढ केली. या साऱ्यामुळे ठासणीची बंदूक एका पिढीत जुनाट ठरली. जुनाट ठरली म्हणूनच ती रयतेला देण्यास निर्धोक वाटू लागली.

ठासणीच्या बंदुकीत दारू मोजून नळीच्या तोंडातून ओतावी लागते, त्यावर बोळा, मग गजाने ठासणे, मग छरे, पुन्हा बोळा, आणि शेवटी मागील बाजूस टोपी बसवणे असा क्रम असतो. सरावलेल्या माणसालाही यास मिनिटाच्या आसपास वेळ लागतो. अंधारात, ओल्या हातांनी, बिथरलेले रानडुक्कर समोर असताना तो किती लागेल ते वेगळे सांगावयास नको. म्हणजे राखणदारास एकच बार मिळतो. त्यातच कोकणातील हवामान आडवे येते. भात पोटरीला येते ते भाद्रपद-आश्विनात, आणि डुकरांचा उपद्रवही तेव्हाच वाढतो. पाऊस पुरता ओसरलेला नसतो, रात्री दव पडते. काळी दारू ओल धरते आणि संध्याकाळी भरून ठेवलेली बंदूक पहाटे फुसकी निघते. शिवाय भरलेली ठासणी रिकामी करण्याचा सोपा मार्ग बार काढणे हाच असल्याने ती घरात भरलेलीच पडून राहते. अंदाजाने जास्त घातलेली दारू किंवा विसरून दोनदा केलेली भरणी नळी फोडते. थोडक्यात, राज्यकर्त्याच्या दृष्टीने जे शस्त्र सर्वांत निरुपद्रवी, ते वापरणाऱ्याच्या दृष्टीने सर्वांत धोकादायक होते.

काडतुसाच्या बंदुकीने हे दोष बरेच दूर केले. काडतुसात दारू, बोळा व छरे बंदिस्त असतात, प्रमाण कारखान्यात ठरलेले असते आणि बंदूक मोडली की ती क्षणात रिकामी होते. आपल्याकडे सर्वांत रूढ झाली ती बारा बोअरची. नळीच्या व्यासाइतक्या शिशाच्या बारा गोळ्यांचे वजन एक पौंड भरते, म्हणून बारा. हा व्यास सुमारे साडेअठरा मिलिमीटर असतो. या हिशेबामुळे बोअरचा आकडा जितका मोठा तितकी नळी अरुंद, हे प्रथमदर्शनी उलटे वाटणारे प्रमाण निर्माण होते. सोळा व वीस बोअरच्या बंदुका हलक्या असल्या तरी त्यांची काडतुसे तालुक्याच्या गावी सहज मिळत नसत. दूरच्या दुकानातून काडतुसे आणणाऱ्या शेतकऱ्याने बारा बोअर निवडली, यात बंदुकीच्या गुणांइतकाच काडतुसांच्या उपलब्धतेचाही वाटा होता. १८६९ मध्ये स्थापन झालेल्या खडकीच्या दारूगोळा कारखान्याची ‘शक्तिमान’ काडतुसे स्वातंत्र्योत्तर काळात परवानाधारकांच्या ओळखीची झाली, तीही प्रामुख्याने बारा बोअरची. पश्चिम बंगालमधील ईशापूरच्या रायफल कारखान्यानेही नागरी वापरासाठी याच मापाच्या बंदुका बनवल्या.

एकनळी की दुनळी, हा यापुढचा प्रश्न. एकनळी स्वस्त, हलकी आणि निगा राखण्यास सोपी. दुनळीचा लाभ केवळ दुसऱ्या बाराचा नसतो. जुन्या पद्धतीच्या दुनळीस दोन चाप असतात आणि तिच्या दोन नळ्यांची तोंडे वेगवेगळ्या प्रमाणात आवळलेली असतात. उजवी नळी बहुधा मोकळी आणि डावी आवळलेली. चाळीस यार्डांवर तीस इंच व्यासाच्या वर्तुळात मोकळ्या नळीतून साधारण चाळीस टक्के छरे पडतात, तर पूर्ण आवळलेल्या नळीतून सत्तर टक्के. त्यामुळे एका नळीत चार नंबरचे बारीक छरे आणि दुसरीत एस. जी. किंवा एल. जी. ची जाड काडतुसे घालून बसलेला राखणदार ऐनवेळी बोट कोणत्या चापावर ठेवावे एवढेच ठरवतो. एका औंसात चार नंबरचे सुमारे एकशे सत्तर छरे मावतात, एस. जी. चे केवळ आठ. पहिले ससा-पाखरांसाठी, दुसरे डुकरासाठी. ठासणीवाल्यास ही निवड संध्याकाळीच, जनावर दिसण्यापूर्वी, करून टाकावी लागत असे.

जुन्या दुनळ्यांबाबत आणखी एक गोष्ट नोंदवण्यासारखी आहे. लोखंड व पोलादाच्या पट्ट्या पिळून जोडलेल्या, नक्षीदार दिसणाऱ्या दमास्कस नळ्या काळ्या दारूसाठी बनवलेल्या असत. त्यांत आधुनिक धूरविरहित दारूचे काडतूस घालणे जिवावर बेतू शकते. तसेच पूर्वीच्या अनेक इंग्लिश बंदुकांचे घर पासष्ट मिलिमीटर लांबीच्या काडतुसासाठी होते, नंतरची प्रचलित काडतुसे सत्तर मिलिमीटरची आहेत. लांब काडतूस आखूड घरात बसते, ही यातील खरी गोम. ते बसत नसते तर अपघात टळले असते. आजोबांची बंदूक म्हणून अभिमानाने दाखवल्या जाणाऱ्या शस्त्राची निवड अशा रीतीने दोन पिढ्यांनंतर नव्याने करावी लागते.

दुबळ्या बंदुकीचे हे धोरण रयतेपुरते मर्यादित नव्हते, हेही येथे सांगितले पाहिजे. ईशापूरला ली-एनफिल्ड रायफलींचे रूपांतर करून .४१० मापाच्या, आतून गुळगुळीत नळीच्या, एकेक काडतूस भरावयाच्या मस्केट बनवण्यात आल्या आणि त्या पोलीस व तुरुंगरक्षकांना देण्यात आल्या. बंदूक शत्रूच्या हाती पडली किंवा शिपाईच उलटला तरी लष्करी काडतूस तीत चालू नये, हा त्यामागील हेतू. आपल्याच शिपायावर अविश्वास दाखवणारे सरकार शेतकऱ्यावर विश्वास कसा ठेवणार होते?

१९५९ चा कायदा : निवडीचे कलम

स्वातंत्र्यानंतर नवा शस्त्र अधिनियम १९५९ मध्ये संमत झाला आणि १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आला. त्यातील तेराव्या कलमाचे तिसरे पोटकलम या लेखाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे आहे. संरक्षण अथवा क्रीडा या कारणासाठी किमान वीस इंच नळीची गुळगुळीत नळीची बंदूक मागणाऱ्या नागरिकास, आणि प्रामाणिक पीकसंरक्षणासाठी ठासणीची बंदूक मागणाऱ्यास, परवाना द्यावा असे ते सांगते. पिस्तूल-रिव्हॉल्व्हर यांसारख्या इतर शस्त्रांसाठी मात्र ‘पुरेसे कारण’ दाखवावे लागते. या कलमाला जोडलेल्या परंतुकानुसार, ठासणीची बंदूक पीकसंरक्षणास पुरेशी होणार नाही अशी परवाना प्राधिकाऱ्याची खात्री पटली, तरच शेतकऱ्याला दुसऱ्या प्रकारची बंदूक देता येते.

हे कलम लक्षपूर्वक वाचले असता एक विसंगती ठळकपणे जाणवते. संरक्षणासाठी किंवा शिकारीच्या हौसेसाठी अर्ज करणाऱ्यास काडतुसाची दुनळी सरळ मागता येते. भात वाचवण्यासाठी अर्ज करणाऱ्यास प्रथम ठासणी पुढे केली जाते आणि ती का पुरत नाही हे पटवून द्यावे लागते. ज्याची गरज अधिक निकडीची, त्याला कमी दर्जाचे हत्यार, असा हा क्रम आहे. वसाहतकाळात तो अविश्वासातून आला होता. प्रजासत्ताकाच्या संसदेने तो काळजीच्या भाषेत कायम ठेवला. त्याच्या समर्थनार्थ एवढेच म्हणता येईल की ठासणी स्वस्त होती, तिला कारखान्याच्या काडतुसांची गरज नव्हती, आणि खेड्यापाड्यांत काडतुसाच्या बंदुका सरसकट पसरल्या असत्या तर त्यांचा गैरवापर झालाच नसता असे नाही. पण हा विचार असेल तर तो हौशी शिकाऱ्यालाही लागू व्हावयास हवा होता.

वीस इंचांची अट मात्र सयुक्तिक होती. आखूड नळीची बंदूक घोंगडीखाली लपते, आणि राखणदाराला लपवण्याचे काही कारण नसते. अर्धस्वयंचलित बंदुका १९६२ च्या नियमांनी वेगळ्या व अधिक कडक वर्गात टाकल्या. त्यामुळे सामान्य परवानाधारकासमोर एकनळी, दुनळी आणि पुढे नळीखालचा दांडा मागे-पुढे सरकवून भरावयाची बंदूक, एवढेच पर्याय राहिले.

वन्यजीव कायद्यानंतरचा पेच

बंदूक मिळाली तरी ती चालवायची कशावर, हा प्रश्न १९७२ नंतर उभा राहिला. मुंबई राज्यात १९५१ पासून वन्य प्राणी व पक्षी संरक्षणाचा कायदा होताच. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ ने मात्र शिकारीचे क्षेत्र फारच आकुंचित केले, आणि १९९१ च्या दुरुस्तीने परवान्याची हौशी शिकार संपुष्टात आणली. रानडुक्कर उभ्या पिकाची नासाडी करत असेल तर वनखात्याच्या अधिकाऱ्याकडून वेगळी परवानगी घेऊनच त्यास मारता येते. स्वतःच्या वा दुसऱ्याच्या जिवाच्या रक्षणार्थ प्रामाणिकपणे केलेली कृती गुन्हा ठरत नाही. पिकाच्या रक्षणार्थ केलेल्या कृतीला ही सवलत नाही. अशा रीतीने एका कायद्याने पीकसंरक्षणासाठी दिलेली बंदूक दुसऱ्या कायद्याने बव्हंशी आवाज काढण्याचे साधन करून टाकली. आवाजापुरतीच बंदूक हवी असेल तर ठासणी पुरेशी आहे, असा युक्तिवाद कोणी प्राधिकाऱ्याने केला तर त्यास तर्कशुद्ध उत्तर देणे अवघड जाईल!

याच अधिनियमाचे चौतिसावे कलम शीळफाट्याच्या संदर्भात अनपेक्षितपणे महत्त्वाचे ठरते. अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या परिघात मुख्य वन्यजीव रक्षकाच्या पूर्वसंमतीशिवाय शस्त्राचा नवा परवाना देता येत नाही, आणि तेथील जुन्या परवानाधारकांनी आपली नोंदणी करणे बंधनकारक आहे. ऑगस्ट २०१५ मध्ये ठाणे खाडीचा काही भाग फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून घोषित झाला. शीळफाट्यापासून ही खाडी सरळ रेषेत दहा किलोमीटरच्या आत आहे. खाडीवर उतरणाऱ्या रोहित पक्ष्यांसाठी केलेली ही तरतूद डोंगरकडेच्या परवान्यालाही स्पर्श करते. शेती जवळपास संपल्यानंतर ती येथे लागू व्हावी, यात काळाचा एक विचित्र खेळ दिसतो.

शेत गेल्यानंतरची बंदूक

ठाणे महानगरपालिका १९८२ मध्ये आणि कल्याण-डोंबिवली महानगरपालिका १९८३ मध्ये अस्तित्वात आली. कल्याण-शीळ रस्त्याच्या दुतर्फा गोदामे, कारखाने, चाळी आणि पुढे मोठी गृहसंकुले उभी राहिली. भातखाचरे बिगरशेती झाली. पीकसंरक्षणाचा परवाना जमिनीला आणि पिकाला चिकटलेला असतो. सातबाऱ्यावर पीकच उरले नाही तर त्या परवान्याचा आधार ढासळतो. परवाना देणारे कार्यालयही बदलले. १९८१ मध्ये ठाणे पोलीस आयुक्तालय स्थापन झाल्यावर त्याच्या हद्दीत परवाना प्राधिकारी म्हणून जिल्हा दंडाधिकाऱ्याच्या जागी पोलीस आयुक्त आले. हा बदल केवळ प्रशासकीय नव्हे. जिल्हाधिकाऱ्याच्या कचेरीत महसूल आणि पीकपाहणीचे दप्तर शेजारीच असते. पोलीस आयुक्तालयात शेजारी गुन्ह्यांची नोंद असते. ठासणी पुरेशी आहे की नाही, हा प्रश्न विचारण्याची जागाच बदलली.

शहरात अर्जदाराच्या अर्जातील कारणही बदलते. आत्मसंरक्षण, मालमत्तेचे रक्षण, रोख रकमेची ने-आण ही कारणे पुढे येतात. बँकेच्या दारात किंवा रोकड वाहून नेणाऱ्या गाडीवर उभ्या असलेल्या रक्षकाच्या खांद्यावर दिसते ती बहुधा बारा बोअरचीच बंदूक. म्हणजे वाट्याला आलेले हत्यार तेच राहिले, त्यापुढे उभे राहणारे मात्र डुकराऐवजी माणूस झाले. एस. जी. चे काडतूस रिकाम्या शिवारात सोडणे आणि गजबजलेल्या नाक्यावर सोडणे यांत जो फरक आहे, तो परवान्याच्या कागदावर कोठेही उमटत नाही. छऱ्यांचा फैलाव हा शेतात गुण असतो, रस्त्यावर तोच सर्वांत मोठा दोष ठरतो. शहरी संरक्षणाच्या दृष्टीने बंदुकीची निवड करताना या साध्या गोष्टीचा विचार क्वचितच होतो. प्रतिष्ठेचा मात्र होतो, आणि म्हणून ऐपतदार अर्जदाराचा ओढा बंदुकीपेक्षा कायद्याने अवघड केलेल्या रिव्हॉल्व्हरकडे अधिक असतो.

जुन्या घरांतील बंदुकांचा प्रश्न वेगळा आहे. परवानाधारक वारल्यावर बंदूक वारसाकडे आपोआप जात नाही. वारसाने स्वतःच्या नावे परवाना मिळवावा, अन्यथा बंदूक पोलीस ठाण्यात किंवा अधिकृत विक्रेत्याकडे जमा करावी लागते. १९८३ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीस तीनपेक्षा अधिक अग्निशस्त्रे बाळगण्यास मनाई केली होती. डिसेंबर २०१९ च्या दुरुस्तीने ही मर्यादा दोनवर आणली, परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षे केली, आणि दोनपेक्षा अधिक शस्त्रे असणाऱ्यांनी जादा शस्त्र वर्षभरात जमा करावे असे ठरवले. वारशाने वा घराण्याची ठेव म्हणून आलेले शस्त्रही या दोनांच्या मोजणीतून सुटत नाही. ज्या घरात पणजोबांची ठासणी, आजोबांची दुनळी आणि नव्या पिढीचे रिव्हॉल्व्हर एकाच नावावर होते, त्या घराला यांपैकी कोणते एक परत करायचे हे ठरवणे भाग पडले.